तावदानांची लांबी: जुन्या सागवानी खिडक्यांत काय भरावं, काय भरू नये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर पुढे कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. वाईजवळ आजोबांनी बांधलेलं दगड-चुन्याचं घर आहे. खिडक्या सागवानी, प्रत्येक झडपेला सहा तावदानं. जुनी लांबी, म्हणजे काच बसवायची तेलाची पुट्टी, खपल्या होऊन गळतेय आणि वारं सुटलं की काचा खडखडतात. गेल्या वर्षी रंगाऱ्याने भिंतीला लावायची पुट्टी काचांच्या कडेला भरली, ती आषाढ संपायच्या आत पडली. आता एक जण सिलिकॉन सांगतो, दुसरा एम-सील, तिसरा म्हणतो सगळं काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवा. शिवाय चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पाणी आत येतं, तिथे काय भरायचं हेही तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी एक विनंती. त्या खिडक्या काढू नका. पटाशीचं टोक झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत आणि कोपऱ्यांच्या सांध्यांत टोचून बघा. टोक दोन-चार मिलिमीटरच्या पुढे जात नसेल तर लाकूड निरोगी आहे. तसं पिकलेलं, संथ वाढलेलं सागवान आज बाजारात शोधावं लागतं, आणि मिळालं तरी भाव ऐकून माणूस गप्प बसतो. तुमच्या खिडक्यांची लांबी जुनी झाली आणि नंतर तिथे भलतीच वस्तू भरली गेली, एवढंच झालंय. ते दुरुस्त होतं.

मी साताऱ्यात काचेचं आणि खिडक्यांचं काम ३४ वर्षं करतोय. उस्तादांकडे लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं काच कापायची हिरकणी हातात मिळाली नाही, फक्त लांबी मळायची. तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, काच कापायला महिनाभरात येते, लांबी हाताला कळायला ती दोन वर्षं लागतातच. आमच्या जिल्ह्यात या वस्तूची परीक्षा दोन टोकांना होते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. तिथून शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि वैशाखात लाकूड वाळून कडकडीत. एकाच डब्यातली लांबी मी दोन्हीकडे लावली आहे. वर ती महिनाभर मऊ राहिली आणि तिच्यावर बुरशी आली, खाली ती दीड वर्षात भेगाळली. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी बघतो, फटीच्या दोन्ही बाजूंना काय आहे. त्यातलं तेल पिणारं कोण, हलणारं कोण, आणि पाणी कुठून येतं. भरायची वस्तू त्यावरून ठरते.

तुमच्या घरी घोळ शब्दामुळे झाला. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हटलं की आता पांढऱ्या सिमेंटची पिशवी हातात येते. ती भिंतीची पुट्टी. गॅरेजवाला पुट्टी म्हणतो ती गाडीच्या पत्र्याचे पोचे भरायची, प्लंबर म्हणतो ती दोन गोळे एकत्र मळून लावायची एपॉक्सीची, सुतार म्हणतो ती लाकडातली भोकं बुजवायची. काचेची पुट्टी या सगळ्यांहून वेगळी. जुने रंगारी तिला लांबी म्हणतात, आणि मागताना ‘काचेची, तेलाची लांबी’ असं पूर्ण म्हणावं. तयार डबा घेणार असाल तर त्यावर भारतीय मानक ४१९ चा उल्लेख आहे का बघा. खिडकीच्या चौकटींसाठीच्या पुट्टीचं मानक तेच आहे.

तेलाच्या लांबीत खरं तर दोनच वस्तू असतात: खडूची बारीक पूड आणि जवसाचं तेल. आपल्याकडे दुकानदार त्यातल्या उकळलेल्या तेलाला बेलतेल म्हणतात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि घट्ट पण किंचित लवचिक असं जाळं तयार होतं. त्यामुळे वाळलेल्या तेलाचं वजन सुरुवातीला कमी न होता थोडं वाढतं. हे काम बाहेरून आत होतं. वर साय धरते, पोटात लांबी कित्येक महिने मऊच असते. काचेला तोच मऊपणा हवा असतो, कारण लाकूड फुगतं-आकसतं आणि काच ते सोसत नाही.

तेल जवसाचंच का, हे एकदा मला चांगलंच कळलं. कोरेगावकडच्या एका घरी मालकांनी स्वतः लांबी केली होती, घरच्या घाण्याच्या शेंगतेलात. सहा महिन्यांनी मी गेलो तेव्हाही ती बोटाला चिकटत होती आणि तिच्यावर धूळ, केस, माश्या सगळं बसलेलं. शेंगतेल वाळणाऱ्या जातीचं तेलच नाही, सहा वर्षांनीही ते वाळलं नसतं. करडईचं तेल वाळतं, पण फार हळू. खाण्याचं घाण्याचं जवस तेल असेल तर ते चालतं, ते कच्चंच तेल असतं.

आता तुमच्या पडलेल्या पुट्टीबद्दल. भिंतीची पुट्टी म्हणजे पांढरं सिमेंट आणि थोडे चिकट पदार्थ. ती प्लास्टरवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर थरात उत्तम काम देते. लाकडाच्या खाचेत ती दगडासारखी कडक होते. पावसात लाकूड फुगलं की तिला जागा उरत नाही, ती तडकते, तडीतून पाणी आत जातं आणि मागे लाकूड ओलं राहतं. रंगाऱ्याने वाईट हेतूने काही केलं नसेल, भिंतीवर जे चालतं ते खिडकीतही चालेल असं त्याला वाटलं. पण त्यामुळे तुमचं एक काम वाढलंय, आणि ते टाळलंत तर नवीन लांबीही टिकणार नाही. सिमेंट आणि चुना हे क्षार. जवसाचं तेल आणि क्षार ओलाव्यात एकत्र आले की तेलाचा साबण होतो. साबणाला पकड नसते, हे वेगळं सांगायला नको. खाचेत त्या पुट्टीची पांढरी पूड राहिली तर त्या जागी नवी लांबी आतून बुळबुळीत होऊन सुटते. म्हणून ती पूड कोरडीच खरवडा, खाच ताठ ब्रशने झाडा, मग पाण्यात निम्मं व्हिनेगर मिसळून त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या.

जुनी लांबी काढणं हा सगळ्यात संयमाचा भाग. झडपा बिजागरीवरून उतरवून टेबलावर आडव्या ठेवा, उभ्या खिडकीत हे काम करू नका. सुटलेली लांबी बोटाने निघते. जी धरून बसली आहे तिच्याशी झटापट केली की काच जाते. तिच्यावर बेलतेल लावून फडकं टाकून रात्रभर ठेवा, बरीचशी नरमते. तरी हटली नाही तर गरम हवेची मशीन वापरतात, पण काचेवर प्लायचा तुकडा आडवा धरून आणि एका जागी न थांबता. काचेचा एक कोपरा तापला आणि दुसरा थंड राहिला की ती तडकतेच. पटाशी नेहमी लाकडाच्या बाजूने चालवायची, तिचा पाठीचा भाग काचेकडे.

इथे एक काळजी. इतक्या जुन्या घरात खिडकीचा तळातला रंग शिशाचा असू शकतो. पूर्वी पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा आणि लोखंडावर शेंदूर सर्रास वापरत. म्हणून तो रंग कोरडा घासू नका आणि मशीनने जाळू नका. पाण्याचा फवारा मारून ओला खरवडा, नाकाला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक पसरा आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांना त्या अंगणात फिरकू देऊ नका. खरवडलेला ऐवज पिशवीत बांधून टाका, झाडांच्या बुंध्याशी नको.

काचा निघाल्या की त्या फेकू नका. उजेडाकडे धरून बघा. मागचं झाड थोडं लाटालाटांचं दिसलं तर ती जुन्या पद्धतीची, ओढून काढलेली काच आहे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून अगदी सपाट बनवायची रीत १९५९ साली जाहीर झाली, त्यानंतर हळूहळू सगळीकडे तीच आली. काच शतकभरात खाली वाहत जाते म्हणून लाटा पडतात असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. त्या लाटा ती बनतानाच पडलेल्या. पाचगणीच्या एका बंगल्यात मी अशा ४० काचा जपून परत बसवल्या आणि फुटलेल्या सातच नवीन टाकल्या. संध्याकाळचं ऊन त्या जुन्या काचांतून भिंतीवर पडतं तेव्हा हललेल्या पाण्यासारखं दिसतं. नवीन काचेत ते नाही.

खाच मोकळी झाली की तिला तेल पाजा. सागवान जुनं झालं की कोरडं पडतं. तुम्ही उत्तम लांबी त्यात दाबली तरी लाकूड तिच्यातलं तेल ओढून घेतं आणि उरते नुसती खडूची पूड, ती वर्षा-दोन वर्षांत भुगा होऊन पडते. महाबळेश्वर असो की माणमधलं म्हसवड, गळालेल्या लांबीचं सगळ्यात मोठं कारण मी हेच पाहिलंय. बेलतेलात थोडं टर्पेंटाइन मिसळून खाचेला ब्रशने दोन हात द्या, मध्ये एक दिवस सोडून. किंवा तेलाचा लाकडी प्रायमर द्या आणि वाळू द्या. दोन्हीतलं काहीही चालेल, काही न करणं चालत नाही.

लांबी घरी करायची तर खडूची पूड एक किलो, बारीक चाळणीतून चाळलेली आणि खडखडीत वाळलेली. पूड दमट असेल तर तेल धरत नाही, उन्हात पसरून घ्या. त्यात दीडशे ते एकशे नव्वद मिलिलिटर तेल लागतं. सगळं एकदम ओतू नका, कणकेत पाणी घालतो तसं थोडं थोडं. कच्चं तेल जास्त लवचिक, पण वाळायला वेळ घेतं. उकळलेलं लवकर साय धरतं, पण पुढे जास्त कडक होतं. वाईसाठी मी निम्मं-निम्मं घेईन. महाबळेश्वरला उकळलेलं वाढवतो आणि बुरशीसाठी थोडा झिंकचा सफेदा घालतो, माणला कच्चं वाढवतो. अर्धा तास तरी मळा, तळहाताच्या टाचेने. मग ओल्या नव्हे, तेलकट फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा मळायची. तयार झाली हे ओळखायचं असं: करंगळीएवढी वळी करा आणि हळूच वाकवा. कडेला भेगा पडल्या तर तेल कमी, हाताला चिकटून आली तर पूड कमी. वळी वाकली, तळहात कोरडा राहिला, की ती काचेला लावायची.

किती लागेल याचा अंदाज देतो. सेंटिमीटरभर खाचेला एका मीटरला सुमारे दीडशे ग्रॅम लांबी जाते, सांडलवंड धरून जरा जास्त. दहा बाय चौदा इंचांच्या तावदानाचा परीघ सव्वा मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे एका तावदानाला दोनशे ग्रॅम. सहा तावदानांच्या झडपेला सव्वा किलो मळा.

नवीन काच कापून आणणार असाल तर खाचेचं माप वर, खाली आणि दोन्ही कर्णांत घ्या. जुनी झडप काटकोनात असतेच असं नाही. जे माप सगळ्यात लहान येईल त्यातून लांबी-रुंदी दोन्हीकडे तीन मिलिमीटर कमी करा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात फुगलेलं लाकूड काच चिमटून फोडतं. काच ठोकून बसवावी लागली तर ती मोठी कापली आहे, परत द्या. तुमच्या आकाराला चार मिलिमीटर जाडी पुरे.

मग बसवणं. आधी खाचेत, जिथे काच टेकणार तिथे, लांबीची पातळ वळी अंगठ्याने सगळीकडे दाबून घ्या. बरेच जण ही पायरी वगळतात, कारण ती दिसत नाही. काच खडखडायची बंद होते ती याच गादीमुळे, आणि आतून दव ओघळलं तर ते खाचेत मुरत नाही तेही हिच्याचमुळे. काच ठेवली की मधोमध दाबू नका. कडेकडेने, चारी बाजूंनी सारखी दाबा, लांबी आतल्या बाजूने बारीक ओघळून बाहेर येईल. गादी दोन मिलिमीटर उरली की थांबा. मग चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या, काचेला समांतर, लाकडात आडव्या. दर सहा-आठ इंचांवर एक. हातोडी उचलायची नाही, काचेवर आडवी ठेवून सरकवत ठोकायची. काच धरून ठेवायचं काम चुकांचं. लांबी फक्त फट बंद करते आणि पाणी उतरवते, तिच्या जिवावर काच सोडू नका.

आता बाहेरची लांबी. जाडसर वळी खाचेत भरून अंगठ्याने दाबत न्या, हवा राहू देऊ नका. मग लांबी सारखी करायची पट्टी पंचेचाळीस अंशांत धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकाच ओढीत. मध्ये थांबलं की तिथे वळ उठतो आणि तिथेच पाणी थांबतं. पट्टी चिकटायला लागली तर तिला तेलाचं बोट लावा, पाण्याचं नको. उतार असा हवा की पावसाचा थेंब काचेवरून लाकडावर आणि लाकडावरून खाली घसरावा. एक बारकावा: लांबीची काचेवरची रेघ आतल्या लाकडाच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर खाली ठेवा. घरातून बघताना लांबी दिसत नाही, आणि बाहेरून रंगाला काचेवर चढायला जागा राहते.

रंगाशिवाय लांबी अर्धीच. झडपा आडव्या, सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे ठेवा. नखाचं टोक हलकं दाबून बघा, खूण उमटली नाही म्हणजे साय धरली. लगेच रंग दिला तर तो सुरकुततो. सहा महिने तसंच सोडलं तर ऊन आणि पाऊस मिळून लांबी भेगाळते. प्रायमर आणि दोन हात ऑइलपेंट, आणि दर वेळी रंग काचेवर दीड-दोन मिलिमीटर चढलाच पाहिजे. काच आणि लांबी यांच्यामधली केसाएवढी फट तोच बंद करतो. चिकटपट्टी लावून काचेच्या कडेपर्यंतच नीट रंगवणारे रंगारी असतात, दिसायला काम फार सुबक असतं, पण पाणी तिथूनच शिरतं. त्यांना आधीच सांगून ठेवा.

वर महाबळेश्वरला माकडं ओल्या लांबीत बोटं घालून ती उकरतात, उंदीरही जवसाच्या वासाने कुरतडतात. वाईला माकडांची ये-जा असेल तर झडपा खोलीतच वाळू द्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या ढिगात ती अडकते आणि फडकं काडी न लावता पेटतं. आमच्या दुकानात एका मे महिन्यात दुपारी जेवून आलो तर भुशाच्या पोत्याजवळच्या फडक्यांतून धूर निघत होता. पाच मिनिटं उशीर झाला असता तर लाकडाचं दुकान होतं ते. तेव्हापासून प्रत्येक फडकं पसरून दोरीवर वाळत घालतो, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवतो.

आता तुम्हाला सुचवलेल्या बाकीच्या वस्तू. एम-सील, म्हणजे एपॉक्सीची पुट्टी, पाण्याच्या लोखंडी पाइपला, टाकीच्या गळतीला, तुटलेल्या नळाला फार कामाची. पण ती अजिबात लवत नाही. काचेभोवती भरली की लाकडाची प्रत्येक हालचाल थेट काचेवर जाते, आणि उद्या काच फुटली तर तुकडे खाचेतून छिन्नीने फोडून काढावे लागतात. खाचेचं लाकूडही त्यात जातं.

सिलिकॉन वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. बेसिनच्या कडा, ओट्याचा आणि सिंकचा सांधा, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिथे मी तेच वापरतो. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला चाळीस अंशांच्या फरकाने जवळपास ०.९ मिलिमीटर वाढतं, काच ०.४ च्या आत. अर्ध्या मिलिमीटरचा तो फरक रबर किंवा सिलिकॉन झेलतं, तेलाची लांबी झेलत नाही. आणि अ‍ॅल्युमिनियम तेलही पीत नाही, म्हणून तिथे लांबी नको. पण तुमच्या तेल पाजलेल्या सागवानावर सिलिकॉन नीट धरत नाही, त्याच्यावर रंग बसत नाही, आणि एका कोपऱ्यात सुटलं की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. खरवडून काढलं तरी त्याचा अदृश्य थर उरतो, त्यावर पुढे कुठलीच लांबी चिकटत नाही. ज्या खिडक्यांत कुणी आधी सिलिकॉन भरलंय तिथे मला खाच रंध्याने एक पापुद्रा काढून घ्यावी लागते. जाता जाता: आरसा चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, मागचा मुलामा काळा पडतो. आरशासाठी न्यूट्रल सिलिकॉन मागा.

दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच किंवा दोन काचांचं सीलबंद युनिट बसवणार असाल तर तिथे तेलाची लांबी अजिबात नको, तेल त्यांच्या कडा खराब करतं. न्हाणीघराला लोखंडी खिडक्या असतील तर आधी गंज साफ. गंज लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतूनच काच फोडतो. मग रेड ऑक्साइड, आणि लोखंडासाठीची वेगळी लांबी मागून घ्या, कारण लोखंड तेल पीत नाही, त्यामुळे साधी लांबी तिथे फार दिवस ओलीच राहते. जुने कारागीर त्यासाठी तिच्यात शेंदूर किंवा मुरदाडशिंग घालत. दोन्ही शिशाची विषं आहेत, तुम्ही घालू नका, कुणाला घालूही देऊ नका.

चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीचं काम काचेहून अवघड आहे, म्हणून वेळ घेऊन बघा. भरण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. एकाने बाहेरून झारीने पाणी घालायचं, खालून सुरू करून हळूहळू वर, आणि दुसऱ्याने आत बसून बघायचं. माझा अनुभव असा की दहातल्या सहा-सात घरी पाणी फटीतून येतच नाही. वरच्या छज्ज्याची पागोळी भिंतीला लागून उतरते, किंवा खिडकीच्या खालची पायरी आतल्या बाजूला उतरलेली असते. पायरीला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि तिच्या पोटाला कडेपासून इंचभर आत एक बारीक खाच ठेवा, म्हणजे थेंब तिथे तुटून पडतो, भिंतीकडे सरपटत नाही. एवढ्यावरच काही घरांचं पाणी थांबलेलं मी पाहिलंय.

फट खरीच असेल तर तिथे सिमेंट भरू नका. तुमची भिंत चुन्याची आहे, ती ओलावा घेते आणि सोडते, चौकट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्या दोघांमध्ये सिमेंट एकाच वर्षात कडेने सुटतं, आणि मग बारीक फटीतून पाणी जास्त जोरात आत ओढलं जातं. बोटभर किंवा त्याहून रुंद फटीत मुरवलेला चुना, चाळलेली वाळू आणि बोटाच्या पेराएवढे कापलेले तागाचे धागे एकत्र करून दोन-तीन थरांत भरा, प्रत्येक थर दोन-तीन दिवस वाळू द्या आणि रोज थोडं पाणी शिंपडा. चौकटीची जी बाजू भिंतीला लागते तिला आधी तेल किंवा प्रायमर, आणि इथे चुना ओला असताना तेलाची लांबी लावू नका, तोच साबणाचा प्रकार होतो. बाहेरच्या तोंडाशी सेंटिमीटरभर खोली रिकामी ठेवा. चुना पुरता वाळला की त्यात फोमची गोल दोरी दाबून वर रंग धरणारा पॉलियुरेथेन सीलंट भरा, जाडी रुंदीच्या निम्मी. दोरी असल्यामुळे सीलंट फक्त दोन बाजूंना धरतो आणि मध्ये ताणायला मोकळा राहतो. तिन्ही बाजूंना चिकटला तर पहिल्याच उन्हाळ्यात फाटतो. पाच मिलिमीटरच्या आतली फट असेल तर चुन्याची भानगड नको, नुसता सीलंट पुरे.

चौकटीतली जुन्या कड्यांची, खिळ्यांची भोकं बुजवायला बारीक भुसा आणि फेव्हिकॉल. भुसा त्याच सागवानाचा असेल तर रंग जुळतो. पण हे आतल्या बाजूला, बाहेर पाणी लागतं तिथे लाकडाचीच गुल्ली करून ठोका.

काम दिवाळीनंतर सुरू करा. तेव्हा लाकूड ना पुरतं फुगलेलं असतं, ना मे महिन्यासारखं वाळून आकसलेलं. लांबीला साय धरायला कोरडी हवा मिळते आणि रंग होळीच्या आत होतो. सगळ्या झडपा एकदम उतरवू नका. ज्या खिडकीवर पावसाचा मारा सगळ्यात जास्त, ती एकच झडप आधी करा, तिची लांबी वाळू द्या, रंगवून परत चढवा आणि बाहेरून नळीने पाच-सात मिनिटं पाणी मारून आतून बघा. खालचा डावा-उजवा कोपरा बोटाने चाचपा, चूक असेल तर ती तिथेच ओली लागते. कोपरे कोरडे असतील तर त्याच मापाने बाकीच्या करायला घ्या.